दिवेलागणीच्या आत फोटो घरी

४ नोव्हेंबर, सोमवार

लागली बाई एकदाची नोकरी! आठ महिने मी आणि सासूबाईंनी एकमेकींची तोंडं इतकी पाहिली होती, की आज डबा भरून निघाले तेव्हा त्याच म्हणाल्या, जा गं, मलाही जरा एकटीला टीव्ही बघू दे. दाराआड डोळे पुसले असतील, पण मला दिसू दिलं नाही.

दिंडोशीहून बसने वाकोल्याला. हायवेला उतरून मागच्या गल्लीत शिरलं की गाड्यांचा आवाज एकदम मागे पडतो. तिथे जुनं गावठाण आहे. ओटे, ओट्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या, नाक्यावर पांढरा क्रूस आणि मधेच अंग चोरून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. क्रुसासमोरचं कौलारू घर म्हणजे ॲम्ब्रोज प्रिंटर्स. खाली दुकान, वर मालक राहतात.

मालक ॲम्ब्रोज अंकल सत्तरीचे आहेत, बोटांना कायमची शाई. त्यांच्या बायकोने, तेरेसा आंटींनी, जिन्यात उभ्या राहून माझी उलटतपासणी घेतली. नाव काय गो बाय, राहतेस कुठे, नवरा काय करतो. मी सांगितलं की अनिरुद्ध मार्चमध्ये गेला, ऑफिसातून येताना, रिक्षातच. त्या जिना उतरून खाली आल्या, माझा हात घट्ट धरला आणि वर गेल्या. थोड्या वेळाने ताटलीभर फुगियास आल्या. हे तळलेले गोडसर गोळे असतात, आपल्या गुलगुल्यांचे श्रीमंत चुलतभाऊ. मी सहा खाल्ल्या. किती दिवसांनी भूक लागली होती.

काम सोपं आहे. लग्नपत्रिका, नाताळची कार्डं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आठवणीची कार्डं. यांच्यात कुणी गेलं की महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, त्या माणसाच्या फोटोचं छोटं कार्ड वाटतात, मागे प्रार्थना छापलेली असते. त्यासाठी घरचे लोक जुने फोटो आणून देतात. अंकलनी एकच नियम सांगितला, तोही दोनदा. गेलेल्या माणसाचा फोटो रात्री दुकानात राहता कामा नये, दिवेलागणीच्या आत त्याच्या घरी पोचला पाहिजे. त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय. नव्या माणसाने मान डोलवायची असते, मी डोलवली.

६ नोव्हेंबर

आज स्कॅनरने माझी वाट लावली.

कोपऱ्यात एक भलं मोठं मशीन वर्षभर चादरीखाली झोपलंय. त्याच्या काचेवर फोटो ठेवायचा, बटण दाबायचं, आणि फोटो आपोआप काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधल्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडायचा, असं ते पूर्वी चालायचं. हे सगळं नोएल बघायचा. नोएल म्हणजे यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या नोव्हेंबरात हायवेवर बाइकला ट्रकने उडवलं. अंकलनी हे मशीनकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही. आता कॉम्प्युटर तोच आहे, पण मधे कुणीतरी राउटर बदलला आणि मशीनला आपलं घर सापडेनासं झालं.

दिवसभर तेच. स्कॅन होतं, मग पडद्यावर येतं की पाठवता आलं नाही. शेवटी कळलं की कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता रोज बदलतोय. तो पक्का केला, मशीनला नवा पत्ता दिला. मग ते नाव आणि पासवर्ड मागायला लागलं. मी स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडून दिलं, तर म्हणे या फोल्डरमध्ये तुला काही ठेवायची परवानगी नाही. मशीनसुद्धा मला सासरी आलेल्या नव्या सुनेसारखं वागवतंय.

७ नोव्हेंबर

जमलं! झकास!

फोल्डर नोएलच्या नावावर होतं. मी म्हटलं, त्याचं खातं काढून टाकते आणि सगळं नव्याने करते. जिन्यातून आंटींचा आवाज आला की त्याचं नाव काढायचं नाही. मग त्या खाली आल्या आणि लाजत लाजत पासवर्ड सांगितला. फुगियास. त्याच्याच लक्षात राहायचा नाही म्हणून त्याने आईला सांगून ठेवला होता. मशीनमध्ये नोएलचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. कार्डासाठी आलेला सेलिना टीचरांचा फोटो टुणकन फोल्डरमध्ये. मोत्यांची माळ, हसरा चेहरा. या गावठाणातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले म्हणतात. आंटींनी मशीनवर हात फिरवला, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मला रडू आलं, पण चांगलं रडू.

८ नोव्हेंबर

सकाळी बघते तर फोल्डर रिकामं. कालचे सगळे स्कॅन गायब. तासभर शोधल्यावर चोर सापडला. नोएलने कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं होतं, रोज संध्याकाळी सात वाजता ते फोल्डर पूर्ण पुसायचं. कशासाठी, देव जाणे. लोकांचे जुने फोटो पुन्हा पुन्हा मागायचे का? मी ते बंद करून टाकलं. सेलिना टीचरांचा आणि बाकीचे फोटो परत मागून आणून पुन्हा स्कॅन केले. आता स्कॅन केलेलं सगळं सुरक्षित राहील. अंकलना सांगितलं नाही. त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळणार?

मूळ फोटो मात्र दिवेलागणीच्या आत घरी पोचवले. नियम म्हणजे नियम.

११ नोव्हेंबर

अंकल बाजारात गेल्याचं बघून आंटी खाली आल्या. ब्लाउजमधून एक फोटो काढला. नोएल, कुणाच्या तरी लग्नात, हातात ताट, तोंडात घास, फोटो काढणाऱ्यावर वैतागलेला. त्याचं आठवणीचं कार्ड अजून छापलेलंच नाही. आंटींनी फोटोच दिला नव्हता. कार्ड छापलं की पोर खरंच गेलं, असं त्यांना वाटायचं. आता चोवीस तारखेला वर्ष होतंय, तर करू या म्हणाल्या.

मग मला एक सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळ होत आली होती आणि एका घराचा फोटो परत द्यायचा राहिला होता. अंकलनी घाई करून नोएलला पाठवलं. फोटो पोचला, पोलिसांनी पोचवला. नोएल नाही पोचला. तेव्हापासून त्या नियमाचं नाव काढलं की आंटी थुंकतात.

मी फोटो स्कॅन केला. अनिचीही तशीच सवय होती. फोटो काढताना तोंडात घास.

१३ नोव्हेंबर

स्कॅनरची काच खराब झाली असावी. चष्मा पुसायच्या पाण्याने पुसली, तरी तेच.

सेलिना टीचरांचा फोटो कार्डावर लावायला उघडला. हसू तेच आहे, माळ तीच आहे, पण डोळे... लग्नघरी दोन रात्री जागलेल्या बाईसारखे. खाली काळं. पापण्या जड. शुक्रवारी अशा नव्हत्या. मर्विन म्हणून एक हॉकी खेळणारे आजोबा होते, त्यांच्या फोटोतही तसंच. आणि सगळे किंचित डावीकडे बघतायत. स्क्रीनच्या डावीकडे दुकानाचा दरवाजा आहे.

शाळा सुटल्यावर न्यायला कुणी आलं नाही की पोरं कशी फाटकाकडे बघत बसतात, तसे.

१५ नोव्हेंबर

आज सकाळी फोल्डरमध्ये एक स्कॅन होता जो मी केलेला नाही. मशीनचं झाकण उघडं होतं. सगळं काळं, आणि मधोमध काचेवर दाबलेला उजवा पंजा. अनामिकेचं टोक नाही.

मी अंकलना हाक मारणार होते, पण जिन्यातून आंटी आल्या आणि स्क्रीन बघून खालीच बसल्या. लहानपणी कागद कापायच्या मशीनमध्ये नोएलच्या त्या बोटाचं टोक गेलं होतं. आंटी रडत नव्हत्या. हसत होत्या, दोन्ही हातांनी तोंड दाबून. मला म्हणाल्या, अंकलना सांगू नको गो बाय, तुला येशूची शपथ.

मला भीती वाटली पाहिजे होती. वाटलीही. पण त्याहून जास्त काय वाटलं ते इथेच लिहून ठेवते, दुसरं कोण वाचणार आहे. मला हेवा वाटला.

संध्याकाळी पाकिटातला अनिचा फोटो काचेवर ठेवला. फोल्डरच्या आत एक छोटं फोल्डर केलं, त्याला नाव दिलं अनि. मूळ फोटो घरी घेऊन आले. सासूबाईंनी विचारलं, आज एवढी खूश कशी गं?

१८ नोव्हेंबर

अंकलना कळलं. सेलिना टीचरांच्या बहिणीने मिस्सानंतर त्यांना गाठलं आणि सांगितलं की आठवडाभर ताई स्वप्नात येते, दाराबाहेर उभी असते, आत ये म्हटलं तरी येत नाही, पाय दुखतात म्हणते. अंकल सरळ दुकानात आले आणि मला विचारलं, मशीन रोज पुसतेस ना?

मग त्यांनी सगळं सांगितलं. फोटो घराबाहेर राहिला तर माणूसही घराबाहेर राहतो, असं त्यांचे वडील सांगायचे. गेल्यावर पहिलं वर्ष माणूस घराच्या आसपास असतो आणि रात्री त्याला घर लागतं. म्हणून दिवेलागणीच्या आत. नोएलने मशीन आणलं तेव्हा अंकल ऐकेनात, कारण फोटो घरी गेला तरी मशीनमध्ये मागे उरतो. बापाची समजूत काढायला नोएलने ती सातची व्यवस्था केली होती. मी हुशारी करून तीच बंद केली.

मी अंकलसमोर एकेक स्कॅन काढून टाकला. सेलिना टीचर, मर्विन आजोबा, सगळे. नोएलच्या फोटोवर आले तर आंटींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या नियमाने पोर नेलं, आता तोच नियम पुन्हा नेणार का, असं त्या अंकलना विचारत होत्या. मी माऊस खाली ठेवला.

अनिच्या फोल्डरबद्दल मी कुणाला बोलले नाही.

१९ नोव्हेंबर

टीचरांच्या बहिणीचा फोन आला. रात्री ताई स्वप्नात आली, आत आली, चपला काढल्या आणि झोपली.

अनिचा पंजा आला आज. अंगठ्याखाली तीळ. मी स्क्रीनला गाल लावून बसले, जितका वेळ दुकानात कुणी नव्हतं तितका वेळ.

२१ नोव्हेंबर

आंटी काचेवर हात ठेवतात. बटण दाबतात. फोल्डरमध्ये दोन पंजे येतात, एक त्यांचा, एक त्याचा, बोटांत बोटं. दिवसातून कितीदा तरी. जेवायला वर जात नाहीत. त्यांचा हात बर्फासारखा गार झालाय. आजच्या स्कॅनमध्ये त्यांच्या तळव्यावर रेषाच नव्हत्या. कोरा कागद.

नोएलचा फोटो बघितला. ताट खाली ठेवलंय त्याने. उभं राहवत नाहीये त्याला. मी आंटींना दाखवलं, तो थकलाय बघा, त्याला घरी जायचंय. आंटी म्हणाल्या, हे घरच नाय काय त्याचं?

अंकल मला बाजूला घेऊन म्हणाले, तुला येतं, तू पूस. हात जोडले त्यांनी. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी म्हटलं उद्या.

मी पुसलं असतं. पण आंटींचं पुसायचं आणि माझं ठेवायचं, हे कुठल्या तोंडाने?

२२ नोव्हेंबर

मीही हात ठेवला. फक्त एकदा. काच गरम लागते, नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

त्याची बोटं माझ्या बोटांत. आठ महिन्यांनी. रडले, खूप रडले.

२४ नोव्हेंबर, रविवार

नोएलच्या वर्षाचा मिस्सा. आंटी पांढऱ्याफटक. दोघांनी धरून आणलं चर्चमध्ये. कार्डं वाटलीच नाहीत, त्यांनी छापू दिली नाहीत.

अंकल मला विचारत होते, स्कॅन पुसायचं म्हणजे नेमकं कुठे दाबायचं. मी सांगितलं. का विचारतायत ते कळलं होतं. बरंच वाटलं. माझ्या हाताने नको, एवढंच.

सासूबाई म्हणतात, हात किती गार गं तुझे.

२५ नोव्हेंबर

ओट्यावर माणसं. आंटी गेल्या. झोपेतच. चेहरा शांत, म्हणतात सगळे, हसरा.

अंकल मला आत घेऊन गेले. काल संध्याकाळी त्यांनी एकट्याने पुसलं. नोएलचा फोटो, त्याचे पंजे, सगळे. ते म्हणत होते की पोराला घरी पाठवलं, आंटी सुटतील असं वाटलं होतं, मग असं कसं —

त्यांना कसं सांगू? त्या स्कॅनमध्ये एकटा त्याचा हात नव्हता. आंटींचाही होता, प्रत्येकात. आत जे होतं ते सगळं गेलं घरी.

त्यांना हे कधीच कळू नये, देवा.

अनिचं फोल्डर तसंच आहे. अंकलनी ते उघडलंच नव्हतं.

२७ नोव्हेंबर

अंकल आंटींचा फोटो घेऊन आले, कार्डासाठी. स्वतः काचेवर ठेवला. स्कॅन झाला. कार्ड लावून झालं की स्वतः पुसला. सूर्य मावळायच्या आत फोटो छातीशी धरून वर गेले. जिन्यात थांबून म्हणाले, बाय, तुझा कोण आहे का आत?

मी नाही म्हटलं.

अनिचे डोळे उघडत नाहीत आता. फोटोत. हसतोय, पण डोळे मिटलेले. दरवाजाकडे तोंड.

फक्त एकदा म्हणता म्हणता रोज हात ठेवतेय. माझ्या डाव्या तळव्यावरच्या रेषा — दिव्याखाली धराव्या लागतात.

२८ नोव्हेंबर

ठरलं. त्याला किती उभं ठेवू? माझ्यासाठी. पाय दुखत असतील त्याचे.

नोएलची व्यवस्था परत सुरू केली. सात वाजता सगळं पुसलं जाईल. माझा हात ज्या ज्या स्कॅनमध्ये होता ते आधीच काढून — नाही. नाही, तसे काढता येत नाहीत. आंटींचं तेच झालं. बाहेर नेले. पेन ड्राइव्हवर घेतले, पर्समध्ये ठेवले. माझा हात माझ्यापाशी. फोल्डरमध्ये आता फक्त त्याचा फोटो. पुन्हा पाहिलं. फक्त तो.

सासूबाईंना फोन केला, निघतेच म्हटलं. भात टाकते म्हणाल्या. येताना केळी आण.

अंकल चर्चमध्ये. दुकानात मीच.

एकदा. निरोपाचा. कुणाला नीट निरोपही देता आला नव्हता, रिक्षातच —

डावा हात काचेवर. उजव्याने लिहितेय. गरम आहे. आहे तो.

प्रकाश सरकला. स्कॅन झाला. इथून दिसतंय, फोल्डरमध्ये नवीन — दोन हात. हा बाहेर घ्यायला हवा. सातच्या आत. हात उचलायचा, कॉम्प्युटरपाशी जायचं, एवढंच.

उचलते.

क्रुसापाशी दिवा लागला.

हात निघत नाही. अनि, सोड. सोड ना रे. आई एकट्या आहेत, भात टाकलाय त्यांनी —

स्क्रीनवर दिसतंय. त्याची बोटं उघडी आहेत. सरळ. त्याने धरलेलंच नाही. धरलंय ते मी. माझीच बोटं, मिटलेली, मी — उघडत नाहीत — मला उघडायची —

फोन वाजतोय. आईंचा. पर्समध्ये, लांब.

आई, मी निघा